ओल्या थरातलं घर: डियर पार्क फार्म्सच्या राथाचा प्रकरण अभ्यास

आयर्लंड बेटाच्या ईशान्य टोकाला अँट्रिम परगणा आहे. तिथल्या पठारावरून समुद्राकडे उतरणाऱ्या नऊ दऱ्या प्रसिद्ध आहेत; त्यांतली सगळ्यात दक्षिणेकडची ग्लेनार्म. या दरीच्या उतारावर डियर पार्क फार्म्स नावाच्या शेतजमिनीत 1984 पर्यंत एक टेकाड होतं. सुमारे साडेचार मीटर उंच, माथा सपाट, कडा तीव्र उताराच्या, वर गवत. 1984 ते 1987 या काळात क्रिस लिन यांच्या नेतृत्वाखाली उत्तर आयर्लंडच्या सरकारी पुरातत्त्व पथकानं ते वरून खाली, थर न् थर, जवळजवळ पूर्ण खणून काढलं. तळाशी पोचल्यावर हाती लागली ती तेराशे वर्षांपूर्वीची घरं. पायाचे दगड किंवा खांबांचे खड्डे तर होतेच, पण विणलेल्या भिंती, दाराची चौकट, अंथरुणं आणि अंथरुणातल्या उवासुद्धा शिल्लक होत्या.

सुरुवातीच्या मध्ययुगातल्या आयर्लंडमधलं सामान्य कुटुंब कसं राहत होतं याबद्दल आज आपण जे खात्रीनं बोलतो, त्यातला मोठा वाटा या एका जागेचा आहे. पण ते ज्ञान मिळालं ते टेकाड संपवून. म्हणून हे प्रकरण दोन बाजूंनी बघावं लागतं: आत काय सापडलं, आणि अशाच उरलेल्या हजारो जागांचं आपण काय करायचं.

राथ म्हणजे काय

आयर्लंडच्या ग्रामीण भागात फिरताना गोल मातीचा बांध आणि त्याबाहेर खंदक असलेली जागा दर थोड्या अंतरावर दिसते. कधी बांधावर काटेरी हॉथॉर्नची झाडं माजलेली असतात, कधी आत गुरं चरत असतात. मातीचा बांध असेल तर राथ, पश्चिमेच्या खडकाळ भागात दगडी तट असेल तर काहर किंवा कॅशल. लिस हा शब्द बांधाआतल्या मोकळ्या जागेसाठी होता. राथफार्नम, लिस्मोर, लिस्डूनवार्ना ही गावांची नावं याच शब्दांवरून आली. मॅथ्यू स्टाउट यांनी 1997 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अशा वर्तुळांची संख्या सुमारे 45,000 धरली आहे. बेटाचं क्षेत्रफळ 84,000 चौरस किलोमीटरच्या आसपास, म्हणजे सरासरी दोन चौरस किलोमीटरला एक! पश्चिम युरोपात एकाच काळातली, एकाच घडणीची इतकी दाट वस्ती जमिनीवर अजून दिसते असे प्रदेश फार थोडे आहेत. ज्यांचा काळ मोजता आला आहे त्यांतले बहुतेक इ.स. 600 ते 900 या तीनशे वर्षांतले आहेत.

इंग्रजीत यांना किल्ला म्हणायची पद्धत पडली असली तरी इथे सैन्य नव्हतं. एक कुटुंब, त्यांची गुरं, दोन-चार घरं आणि भोवती बांध, असा हा मामला. बांध गुरं चोरणाऱ्या टोळ्यांना एक रात्र अडवू शके. वेढा घालून बसलेल्या फौजेला तो कधीच पुरला नसता. गुरांची लूट हा त्या समाजातला नेहमीचा उद्योग होता, त्यामुळे एका रात्रीची अडवणूकही मोलाची होती.

डियर पार्क फार्म्सची जागा यापेक्षा थोडी वेगळी. ती उंचावलेली राथ होती. सपाट जमिनीवर सुरू झालेली वस्ती, मग तिच्यावर माती-दगड टाकून जागा वर घेतली, मग पुन्हा वर घरं. आपल्याकडच्या पांढरीच्या टेकाडासारखीच ही रास पिढ्यांनी वाढवलेली; फरक इतकाच की इथे उंची नुसती साचत गेली नाही, एका टप्प्यावर मुद्दाम भर टाकून ती वाढवलेली आहे. अल्स्टरमध्ये, म्हणजे बेटाच्या उत्तरेकडच्या प्रांतात, अशा टेकाडांबाबत आणखी एक गुंता असतो. जॉन द कूर्सी हा नॉर्मन सरदार 1177 मध्ये अल्स्टरमध्ये घुसला, त्यानंतर नॉर्मन सरदारांनी मातीचे उंच ढीग रचून त्यांवर लाकडी गढ्या उभारल्या. नॉर्मनांचा ढीग आणि आयरिश शेतकऱ्याची उंचावलेली राथ वरून बघून ओळखता येत नाही. कित्येकदा जुन्या राथेवरच नॉर्मनांनी गढी बांधली. म्हणजे खणेपर्यंत अशा टेकाडाचं वय सहाशे वर्षांनी इकडेतिकडे होऊ शकतं.

खणायची वेळ का आली

1973 मध्ये ब्रिटन (उत्तर आयर्लंड त्याचाच भाग) आणि आयर्लंड प्रजासत्ताक दोघंही युरोपीय आर्थिक समुदायात सामील झाले. शेती सुधारायला अनुदानं आली, मोठी यंत्रं शेतकऱ्यांच्या आवाक्यात आली. बांध काढणं, पाणथळ जमिनीत निचऱ्याच्या नळ्या घालणं, उंचसखल जमीन सपाट करणं ही कामं पूर्वी पिढ्यांना पुरत. ती आता आठवड्यात उरकू लागली. सीमेच्या दोन्ही बाजूंना या काळात अनेक राथा गेल्या. डियर पार्क फार्म्सचं टेकाडही शेतसुधारणेत काढलं जाणार होतं. ते जाण्याआधी आत काय आहे ते नोंदवून घ्यावं म्हणून पथक तिथे पोचलं.

शेतकऱ्याची बाजू इथे नीट मांडायला हवी. अँट्रिमच्या दरीत चांगली सपाट जमीन थोडी. तीव्र उताराच्या टेकाडावर यंत्र चालत नाही, त्याला वळसा घालून काम करावं लागतं, आणि त्या तुकड्याचं उत्पन्न काही नाही. पूर्वी राथा वाचल्या त्या बऱ्याच अंशी श्रद्धेमुळे. त्या शी, म्हणजे अदृश्य लोकांच्या जागा. तिथलं हॉथॉर्न तोडलं तर घरात आजार येतो, गुरं मरतात, असं खेड्यापाड्यांत मानलं जाई. आजोबांनी ज्या बांधाला फावडं लावलं नाही त्याला नातवानं यंत्र लावायचं की नाही, हा प्रश्न विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अनेक घरांत उभा राहिला. श्रद्धा ओसरली त्या वेगानं कायद्याचं संरक्षण पुढे आलं नाही, आणि मधल्या काळात नुकसान झालं.

आत काय होतं

वरच्या थरांत अपेक्षित गोष्टी निघाल्या: दगडी बांधकामाचे अवशेष, आणि ईशान्य आयर्लंडमध्ये या काळात सर्वत्र मिळणारी हातानं घडवलेली जाडीभरडी खापरं. खाली जाता जाता ती खापरं थांबली. त्याखालचा थर ओला होता, काळा होता, आणि त्यात लाकूड होतं.

सातव्या शतकाच्या उत्तरार्धातली आणि आठव्याच्या सुरुवातीची ही वस्ती. बांधाच्या आत साधारण 25 मीटर व्यासाचं आवार. प्रवेशातून आत आलं की दगड अंथरलेली वाट सरळ मधल्या मोठ्या घराच्या दारापर्यंत जाते. हे घर गोल, आणि त्याच्या पाठीला चिकटून दुसरं लहान गोल घर; वरून बघितलं तर इंग्रजी आठच्या आकड्यासारखा आराखडा. बाजूंना आणखी गोल घरं. एका वेळी चार-पाच घरं उभी असावीत, पण तीच घरं शतकभर नव्हती. कूड कुजला की घर उतरवायचं आणि जवळजवळ त्याच जागी नवं विणायचं. एका घराच्या वर्तुळावर दुसऱ्याचं वर्तुळ, त्यावर तिसऱ्याचं, अशी ती जमीन होती.

या भिंतींवर मला थोडं थांबायचं आहे, कारण तेराशे वर्षं जुन्या घराची भिंत इतक्या जवळून बघायची संधी पुरातत्त्वात क्वचित मिळते. भिंत हेझलच्या छड्यांची. जमिनीत वर्तुळात उभ्या काठ्या ठोकायच्या आणि त्यांतून आडव्या छड्या टोपलीच्या विणीनं ओवत जायचं. वीण वर चढेल तशा नव्या उभ्या काठ्या आत खोचायच्या. छताचा भार घ्यायला मधे खांब नाही; घराला ताकद येते ती विणीच्या ताणातून. आणि कूड एक नाही, दोन. एकात एक अशी दोन वर्तुळं, आणि मधल्या पोकळीत गवत, शेवाळ, नेचे, हीथरची झुडपं असा ऊबदार भर दाबून बसवलेला. भिंतीचे मोठे तुकडे आडवे पडून तसेच दबून गेले होते, त्यामुळे विणीचा प्रत्येक पदर मोजता आला, आणि भिंत अडीच मीटरच्या आसपास उंच असावी हेही कळलं.

किती छड्या लागल्या असतील, याचा साधा हिशेब करता येतो. मोठ्या घराचा व्यास सात मीटर धरला तर परीघ 22 मीटर. बोटाएवढी जाड छडी धरली तर अडीच मीटर उंचीला शंभराच्या वर थर बसतात. म्हणजे एका कुडाला दोन किलोमीटरहून जास्त लांबीच्या छड्या, दोन कुडांना साडेचार किलोमीटरच्या आसपास. यात उभ्या काठ्या आल्या नाहीत आणि मागचं लहान घरही आलं नाही. एवढ्या सरळ, सारख्या जाडीच्या छड्या रानात फिरून गोळा होत नाहीत. हेझलचं झाड बुंध्याशी तोडलं की काही वर्षांत फुटव्यांच्या सरळ काठ्या येतात. ते पुन्हा तोडायचे, पुन्हा येऊ द्यायचे. घर दर काही वर्षांनी नव्यानं विणायचं असेल तर जवळपास असं राखलेलं हेझलचं रान असणार. बांधाच्या आतली वस्ती बांधाबाहेरच्या रानावर उभी होती.

दाराची चौकट मात्र ओकची. तिच्या उभ्या खांबांच्या लाकडातल्या वाढीची वलयं मोजली गेली, आणि ते झाड इ.स. 648 मध्ये तोडलेलं होतं हे ठरलं. एका शेतकऱ्याच्या दाराचं वर्ष सांगता येणं ही साधी बाब नाही. त्यामागे बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातलं दीर्घ काम होतं. माइक बेली, जॉन पिल्चर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्या इमारती, दलदली, नदीकाठ इथून ओकचे नमुने गोळा करून वलयांची सलग साखळी जुळवली होती. 7,272 वर्षांची ती साखळी 1984 मध्ये प्रसिद्ध झाली, म्हणजे उत्खनन सुरू झालं त्याच वर्षी. ही साखळी नसती तर चौकटीचं वय कार्बन मापनानं शतकाच्या चौकटीत सांगावं लागलं असतं.

इथे एक बारकावा आहे. 648 हे झाडाचं वर्ष आहे, घराचं नव्हे. घर त्यानंतर काही दशकांनी बांधलेलं असावं असं थरांवरून वाटतं. कूड दर काही वर्षांनी बदलायचा पण ओकची चौकट जुन्या घरातून काढून नव्याला बसवायची, हे अगदी शक्य आहे. त्या काळच्या आयरिश कायद्यात झाडांच्याही प्रती लावलेल्या होत्या. सर्वात वरच्या प्रतीतल्या सात झाडांत ओक आणि हेझल दोन्ही आहेत, आणि असं झाड परक्याच्या जमिनीवरून तोडलं तर दंड गाईंत भरावा लागे. असल्या समाजात चौकट फेकून कोण देईल?

घराच्या मधोमध दगडांची कड घातलेली चौकोनी चूल होती. भिंतीलगत झोपायच्या जागा. त्यांना आडोसा घालून आत बारीक फांद्यांचा थर आणि त्यावर मऊ गवत-पाला. इंग्लंडमधल्या यॉर्कच्या कीटक-अभ्यासकांनी ही माती चाळली आणि त्यात माणसाच्या अंगावरच्या पिसवा आणि उवा मोठ्या प्रमाणात मिळाल्या. कुजत्या गवतात राहणारे भुंगेरेही मिळाले. अंथरूण किती ओलं, किती जुनं, माणसं त्यात किती काळ झोपत होती, हे सगळं या किड्यांवरून वाचता येतं. मला हा पुरावा सोन्याच्या दागिन्यापेक्षा मोठा वाटतो. दागिना त्या घरातल्या एका माणसाची श्रीमंती सांगतो. उवा रात्री त्या अंथरुणावर सगळे कसे झोपत होते ते सांगतात.

बाकी वस्तूंत लाकडी भांडी, बादलीच्या फळ्या, चांभाराचा जोडा घडवायचा लाकडी साचा, काचेचे मणी, निळ्या रंगासाठी वापरायच्या वोड या झाडाच्या शेंगा होत्या. आणि आडव्या चाकाच्या पाणचक्कीचा लाकडी तुंबा, म्हणजे चाकाचा मधला ठोकळा, होता. ही शेवटची वस्तू विशेष महत्त्वाची. अशा पाणचक्क्या आयर्लंडमध्ये सातव्या शतकात चांगल्याच रुळल्या होत्या. डाउन परगण्यातल्या नेंड्रम मठाची भरतीच्या पाण्यावर चालणारी गिरणी वलयांवरून इ.स. 619 ची ठरली आहे. पण मठाकडे गिरणी असणं वेगळं आणि दरीतल्या एका शेतकरी कुटुंबाच्या आवारात गिरणीचा तुंबा मिळणं वेगळं.

कायद्याचा ग्रंथ आणि घराचं माप

हे कुटुंब समाजात कुठल्या पायरीवर होतं? यासाठी एक दुर्मीळ साधन उपलब्ध आहे. इ.स. 700 च्या आसपास आयरिश भाषेत क्रीह गॉव्लाह नावाचा कायद्याचा ग्रंथ लिहिला गेला. समाजातल्या प्रत्येक दर्जाच्या माणसाकडे काय असलं पाहिजे, त्याचं घर किती मोठं, गुरं किती, अवजारांत वाटा किती, हे त्यात बारकाईनं दिलं आहे. सगळ्यात खालच्या पायरीवरच्या स्वतंत्र शेतकऱ्याचं, म्हणजे ओकाराचं, घर 19 फुटांचं. त्याच्याकडे सात गाई आणि त्यांचा वळू, सात डुकरं, सात मेंढ्या आणि एक घोडा. त्यावरच्या सुखवस्तू बोआरेचं घर 27 फुटांचं आणि त्याला जोडून 15 फुटांचं दुसरं घर. बोआरेचा गिरणीतही वाटा. राजाच्या आवाराचं माप 140 फूट.

तेव्हाचा फूट आजच्या फुटाशी तंतोतंत जुळत नसला तरी तुलना करून बघण्यासारखी आहे. सात मीटरचं घर म्हणजे 23 फूट, ओकार आणि बोआरे यांच्या मधे. त्याला चिकटलेलं लहान घर कायद्यातल्या जोडघराशी जुळतं. 25 मीटरचं आवार म्हणजे 82 फूट, राजाच्या मापाच्या बरंच खाली. आणि गिरणीचा तुंबा बोआरेच्या वाट्याची आठवण करून देतो. कायद्याचे ग्रंथ आदर्श रचतात, वास्तव नोंदवतातच असं नाही, ही शंका अभ्यासकांत नेहमी असते, आणि ती रास्त आहे. पण इथे चिखलातलं घर आणि चर्मपत्रावरचं घर एकाच काळातली आहेत आणि एकमेकांना ओळखतात, इतकं नक्की म्हणता येईल. या ग्रंथाकडे नुसती कल्पना म्हणून बघणाऱ्यांना डियर पार्क फार्म्सनं थोडं मागे सरकायला लावलं.

सगळ्याच्या मुळाशी गाय. दंड गाईंत, मान गाईंत, लग्नाचा करार गाईंत. उन्हाळ्यात गुरं वरच्या कुरणांवर न्यायची प्रथा होती, आणि ग्लेनार्मच्या डोक्यावर बेसॉल्टचं उंच, ओलं पठार पसरलेलं आहे. खाली दरीत हिवाळ्याची चरण, थोडं धान्य, हेझलचं रान. वर उन्हाळी चराई. नैऋत्येला पंधरा किलोमीटरच्या आत स्लेमिशचा डोंगर, जिथे संत पॅट्रिकनं गुलाम असताना गुरं राखली असं परंपरा सांगते. समुद्रापलीकडे स्कॉटलंडचा किनारा, आणि दाल रियाटाचं राज्य त्या काळी दोन्ही किनाऱ्यांवर पसरलेलं. मणी, रंग, नवं तंत्र याच वाटेनं दरीत येत असणार. डियर पार्क हे नाव मात्र फार उशिराचं, ग्लेनार्मला ठाण मांडून बसलेल्या मॅकडॉनल घराण्याच्या हरणांच्या राखीव रानावरून आलेलं.

हे लाकूड टिकलं कसं

हजारो राथांपैकी शेकड्यांनी खणल्या गेल्या आहेत. बहुतेकांत लाकडाच्या जागी मातीत नुसता काळा डाग मिळतो. मग इथे कूड कसा उरला?

उत्तर पाण्यात आहे. उताराच्या जमिनीतून झिरपणारं पाणी, खाली न मुरू देणारी माती, आवारात साचलेला शेणाचा आणि केरकचऱ्याचा जाड थर. अशा ओल्या थरात हवा पोचत नाही, आणि हवा नाही तिथे लाकूड कुजवणारी बहुतेक बुरशी व जिवाणू फारसं काम करू शकत नाहीत. मग आठव्या शतकात कधीतरी वस्तीवर मोठा भर टाकून ती उंचावली गेली. त्या भरानं ओला थर वरून बंद झाला. भर का टाकला? मोठेपणा दाखवायला, संरक्षणासाठी, अशी कारणं दिली जातात. मला सगळ्यात पटतं ते साधं कारण: आवार चिखलानं भरलं होतं आणि त्या माणसांना कोरडी जमीन हवी होती. चिखल टाळायला टाकलेल्या मातीनंच चिखलातली घरं जपली.

यातून पुढचा मुद्दा येतो, आणि या प्रकरणात तो सगळ्यात कमी चर्चिला जातो. लाकूड जपणारं पाणी राथेच्या आत तयार झालेलं नव्हतं. ते वरच्या उतारावरून येत होतं. वरच्या शेतात निचऱ्याची नळी घातली, बाजूचा ओढा खोल केला, तर राथेला कुणी हातही न लावता ओला थर दहा-वीस वर्षांत सुकू शकतो. बांध तसाच उभा राहील, नकाशावर नोंद तशीच राहील, आणि आतलं घर भुकटी झालेलं असेल. बांध पाडला तर ते दिसतं, तक्रार होते. थर सुकला तर कुणाला कळत नाही.

सीमेच्या दोन्ही बाजूंचे कायदे बांधाचा विचार करतात. प्रजासत्ताकात 1930 मध्ये राष्ट्रीय स्मारकांचा कायदा झाला. 1994 च्या दुरुस्तीनं नोंदवलेल्या स्मारकाजवळ काही करायचं तर दोन महिन्यांची आगाऊ सूचना बंधनकारक झाली. उत्तर आयर्लंडमध्ये 1995 चा आदेश आहे. शिक्षाही होतात: केरी परगण्यात एक राथ पाडल्याबद्दल 2012 मध्ये एका शेतकऱ्याला 25,000 युरो दंड झाला, आणि त्या निकालाचा धाक पसरला हे चांगलंच झालं. पण नोंदीतलं संरक्षण नकाशावरच्या वर्तुळानं ठरतं. पाणी वर्तुळ मानत नाही, उतार मानतं.

निर्णय बरोबर होता का

टेकाड जाणारच असेल तर ते पूर्ण खणणं हा योग्य निर्णय होता, याबद्दल मला शंका नाही. एखादा चर मारून थांबले असते तर वरची खापरं आणि दगड बघून ही एक सामान्य उंचावलेली राथ अशी नोंद झाली असती आणि खालचं सगळं यंत्रानं नेलं असतं. लिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चार वर्षं नेटानं ओल्या थराशी झुंज दिली. ओलं लाकूड उघडं पडलं की ते सतत भिजवत ठेवावं लागतं, नाहीतर काही तासांत आक्रसून तडकतं. पुढे त्यातल्या पाण्याची जागा मेणासारख्या पॉलिइथिलीन ग्लायकॉलनं भरावी लागते. नोंद, रेखाटन, नमुने आणि बचाव हे सगळं एकाच वेळी, अँट्रिमच्या पावसात.

कमतरता आहे ती नंतरच्या काळात. लिन आणि जॅकी मॅकडॉवेल यांचा संपूर्ण अहवाल 2011 मध्ये आला. उत्खनन संपून 24 वर्षं झाली होती. मधे छोटे लेख आले, पुनर्रचनेची चित्रं आली, पण थर, मापं, किड्यांच्या याद्या यांसकट पूर्ण पुरावा तपासायला एक पिढी थांबावी लागली. जागा संपवून मिळवलेला पुरावा म्हणजे आता फक्त कागदच उरलेला असतो, त्यामुळे इथला विलंब अजून उभ्या असलेल्या स्मारकाच्या अहवालातल्या विलंबापेक्षा जास्त महाग पडतो. अहवाल आला तो मात्र भरभक्कम आहे. डब्लिनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजनं पुढे त्या आराखड्यावरून जोडकुडाचं घर प्रत्यक्ष विणून उभं केलं. वीण कशी वर चढते आणि छड्या किती लागतात, हे हातानं करून बघितल्यावर अहवालातल्या कित्येक ओळींचा अर्थ उलगडला.

या यशावरून कुणी असं म्हणू नये की आणखी राथा खणून बघू. प्रत्येक राथेत असं घर नाही, आणि ज्या थोड्या जागांत असेल ती घरं पुढच्या पिढीच्या तंत्रासाठी ओलीच राहू द्यावीत. 1984 मध्ये प्राचीन डीएनए वाचण्याचं तंत्र जेमतेम सुरू होत होतं. आज त्या अंथरुणातल्या उवांकडून आणि शेणाच्या थराकडून कितीतरी जास्त विचारता आलं असतं.

करायचं आहे ते वेगळं काम आहे, आणि फार खर्चिक नाही. अल्स्टरमधल्या उंचावलेल्या राथांपैकी ओलसर उतारावर बसलेल्या जागा नकाशावर वेगळ्या काढायच्या. त्यांच्या खंदकात हातानं फिरवायच्या गिरमिटानं एक बारीक नमुना घ्यायचा. काळी माती आणि लाकडाचा कीस लागला तर कळलं. तिथे पाण्याची पातळी मोजायची नळी बसवायची आणि वर्षातून काही वेळा ती वाचायची. आणि वरच्या शेतात निचऱ्याच्या नळ्या घालायला अनुदान मंजूर करण्यापूर्वी त्या वाचनाकडे बघायचं. उत्पन्न बुडणार असेल तर शेतकऱ्याला भरपाई द्यायची, कारण तो सांभाळतो ती वस्तू त्याच्या एकट्याची नाही. पाणथळ कुरणं जपण्यासाठी, पक्ष्यांसाठी, शेतकऱ्यांना पैसे देण्याच्या योजना दोन्ही बाजूंना आधीपासून चालू आहेत. ओल्या राथेच्या वरचा उतार त्याच योजनांत बसवता येईल.